बोलता न येणारं मूल आणि शाळा: एएसीबद्दल गोव्यातले पालक-शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

ही उत्तरं गोव्यातल्या मराठी शाळांमधल्या शिक्षकांसाठी आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या घरच्यांसाठी आहेत. बरेचसे प्रश्न पालकसभा संपल्यावर, चप्पल घालता घालता विचारले जातात, म्हणून ते तशाच शब्दांत ठेवले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधावा आणि तेवढंच वाचावं.

एएसी म्हणजे काय? ते टॅबवर चित्रं दाबायचं, तेच ना?

तेही, पण तेवढंच नाही. तोंडाने बोलणं जमत नाही, पुरत नाही किंवा दुसऱ्याला कळत नाही, तेव्हा त्याच्या जोडीला किंवा त्याच्या जागी जे जे वापरता येतं ते सगळं एएसी, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद. मान हलवून हो-नाही सांगणं, हातवारे, नजरेने वस्तू दाखवणं, चित्रांचा तक्ता, अक्षरांचा तक्ता, एक बटण दाबलं की एकच वाक्य बोलणारी डबी, टॅबवरचं बोलणारं अ‍ॅप, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा संगणक, हे सगळं त्यात आलं. बहुतेक मुलं यातल्या तीन-चार गोष्टी एकाच वेळी वापरतात. वर्गात टॅब, खेळताना हातवारे, आंघोळीच्या वेळी नुसती मान.

कोणत्या मुलांना याचा उपयोग होतो?

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक दिव्यांगत्व, बोलण्याच्या स्नायूंवर ताबा नसणं, अपघातानंतर वाचा जाणं. कारण कोणतंही असो, प्रश्न एकच विचारायचा: हे मूल घराबाहेरच्या माणसाला आपल्या मनातलं सांगू शकतं का? उत्तर ‘आईलाच कळतं’ असं असेल तर एएसी हवं. आई शाळेत बसलेली नसते.

कर्णबधिर मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना भारतीय सांकेतिक भाषा मिळायला हवी, आणि ती चित्रांच्या तक्त्याने भागवायची गोष्ट नव्हे. ती पूर्ण भाषा आहे, तिचं व्याकरण आहे, आणि राष्ट्रीय संस्थेने काढलेल्या तिच्या शब्दकोशात १० हजार शब्द आहेत.

टॅब हातात दिला की मूल बोलायचा आळस करेल, मग कधीच बोलणार नाही. खरं ना?

हा प्रश्न आजी विचारते, बाबा विचारतात, कधी कधी डॉक्टरही विचारतात. उत्तर स्पष्ट आहे: नाही.

यावर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे पुरावे भक्कम होते अशा २७ जणांपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं तर थोडं का होईना वाढलं होतं. २७ हा आकडा लहान आहे आणि वाढही बहुतेकांची माफकच होती, तेव्हा ‘टॅब घ्या, मूल बोलेल’ असं कुणी विकत असेल तर त्याच्यावरही विश्वास ठेवू नका. पण बोलणं थांबेल ही भीती धरून साधन अडवून ठेवायला आधार नाही.

कारणही समजण्यासारखं आहे. ज्याला तोंडाने ‘पाणी’ म्हणता येतं, तो बटण शोधत बसत नाही. तोंड सगळ्यात जलद चालतं. ज्याला ते येत नाही, त्याला बटण नाकारल्याने येऊ लागत नाही. मग तो ओरडतो, चावतो, नाहीतर गप्प होऊन कोपऱ्यात बसतो. आणि प्रगतिपुस्तकात ‘वर्तनसमस्या’ असं लिहून येतं.

आधी त्याला चित्रं ओळखता यायला हवीत, एका जागी बसायला हवं, मग सुरू करूया का?

नको. ही अट जुन्या काळची आहे आणि तिच्यामुळे मुलांची वर्षं वाया गेली. बोलणाऱ्या बाळाशी आपण पहिल्या दिवसापासून बोलतो, ते एका जागी बसेपर्यंत थांबत नाही. इथेही तसंच. दोन वर्षांचं मूलही चालतं, चौदा वर्षांचाही चालतो.

‘त्याला काही कळतच नाही’ हे वाक्य जपून वापरावं. ज्याला उत्तर द्यायची सोयच नाही, त्याला किती कळतं हे मोजणार कसं? बुद्ध्यांकाच्या बऱ्याच चाचण्या तोंडी उत्तर किंवा हाताचं काम मागतात.

घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळा मराठी, पाचवीपासून सगळं इंग्रजी. तक्ता कोणत्या भाषेत करायचा?

गोव्यात हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या कोणत्याही माहितीपत्रकात त्याचं उत्तर नसतं. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या खेड्यातलं मूल सकाळी घरात ‘म्हाका जाय’ ऐकतं, शाळेत ‘मला हवं’, टीव्हीवर हिंदी, आणि चौथीनंतर हायस्कुलात गेलं की विज्ञान-गणित इंग्रजीत. बोलणारी मुलं हे सगळं सांभाळतात. मग न बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याला एकच भाषा का, असा माझा उलटा प्रश्न असतो. ‘आधी एक भाषा पक्की होऊ दे’ असा सल्ला अनेकांना मिळालेला असतो. दोन भाषांमुळे दिव्यांग मुलाचा गोंधळ उडतो किंवा ते मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. घरातली भाषा काढून घेतली तर मात्र त्याचं आजीशी बोलणं तुटतं.

प्रत्यक्षात असं करता येतं. चित्रं आणि त्यांच्या जागा तिन्ही भाषांत एकच ठेवा. ‘हवं’ वरच्या डाव्या कोपऱ्यात असेल तर ‘जाय’ आणि ‘वाँट’ही तिथेच. मूल शब्द शोधताना चित्रापेक्षा जागा लक्षात ठेवतं, आपण विजेच्या बटणांची ठेवतो तशी. भाषा बदलली तरी हात जुन्याच वाटेने जातो. कागदी तक्त्यावर चित्राखाली मराठी आणि कोकणी दोन्ही शब्द देवनागरीत लिहिता येतात. पाचवीत जायच्या आधीच्या सुट्टीत तिसरी, इंग्रजी ओळ घालायची. हायस्कुलात गेल्यावर नवा तक्ता नव्या मांडणीने करून देणं म्हणजे त्याला पुन्हा बालवाडीत बसवणं.

टॅबवर अडचण आवाजाची. अँड्रॉइडवर मराठी वाचून दाखवणारा आवाज मिळतो. कोकणीचा तसा सहज मिळत नाही. मग ज्या अ‍ॅपमध्ये आपला आवाज भरता येतो ते घ्या आणि कोकणी शब्द घरच्या कुणाकडून भरून घ्या. मुलगा असेल तर चुलतभावाचा, मुलगी असेल तर बहिणीचा, वयाला शोभेल असा. आठ वर्षांच्या मुलाच्या टॅबमधून पोक्त बाईचा आवाज आला की वर्ग हसतो, आणि मग तो टॅब दप्तरातून बाहेर काढत नाही. मुलीच्या टॅबवर ‘मी येतो’ आहे की ‘मी येते’ हेही बघून घ्या. तयार अ‍ॅपमध्ये हे चुकलेलं सापडतं.

तक्त्यावर कोणते शब्द घालायचे?

पहिला तक्ता बहुतेक सगळीकडे सारखाच निघतो: पाणी, शू, भूक, सफरचंद, केळं, हत्ती, बस. सगळी नामं. यातून मूल मागू शकतं, पण बोलू शकत नाही. ‘हत्ती’ दाबून झालं की पुढे काय?

आपण दिवसभरात जे बोलतो त्यातला मोठा भाग थोड्याच शब्दांचा असतो: मी, तू, हवं, नको, जा, ये, थांब, दे, बघ, कर, अजून, झालं, कुठे, काय, कोण, का, इथे, नाही, आवडलं, माझं. मुख्य तक्त्यावर हेच शब्द आणि तेही कायमच्या जागी. एका ‘अजून’मध्ये किती गोष्टी येतात बघा: अजून शीत, अजून झोका, अजून गोष्ट सांग, अजून मारू नकोस. नामं वेगळ्या पानांवर जाऊ देत आणि ती बदलत राहू देत. रंग लावायचे तर प्रचलित पद्धत अशी आहे: माणसं पिवळी, क्रियापदं हिरवी, वस्तू नारिंगी, विशेषणं निळी. वर्गातले, घरातले आणि थेरपिस्टकडचे रंग एकच असले की झालं.

नामांची पानं मात्र मुलाच्या आयुष्यातून यायला हवीत. परदेशी चित्रसंचात बर्गर आणि बर्फाचा माणूस असतो. पेज, पोळे, नुस्तें, सोलकढी, मध्यान्ह आहारातला भाजीपाव, पोदेर, माटोळी, नरकासुर, शिगमो, जत्रेतलं खाजं, फुटबॉल, गावच्या देवळाचं नाव नसतं. हे फोटो काढून स्वतःच घाला. चवथीच्या सुट्टीनंतर वर्गात सगळी मुलं घरच्या गणपतीबद्दल सांगत असतात. त्या दिवशी याच्याकडे ‘गणपती’, ‘फुगडी’ आणि ‘मामा आला’ नसेल तर तो काय सांगणार?

दोन गोष्टी मोठी माणसं हमखास विसरतात. पहिली, भांडणाचे शब्द: ‘गप्प बस’, ‘माझं आहे’, ‘तू वाईट’, ‘कंटाळा आला’. मुलाला चांगलंच बोलता यावं अशी सोय करणं म्हणजे अर्धी जीभ बांधणं. दुसरी, शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, खाजगी अवयवांसकट, आणि ‘दुखतंय’, ‘मला मारलं’, ‘मला हात लावला’, ‘आवडलं नाही’, ‘आईला सांग’. न बोलणारं मूल तक्रार करू शकत नाही हे गैरफायदा घेणाऱ्याला ठाऊक असतं. काही पालकांना हे शब्द तक्त्यावर बघून अवघडल्यासारखं होतं. अवघडू द्या, शब्द काढू नका.

कोणतं अ‍ॅप घेऊ?

सुरुवात कागदाने करा, असं मी सांगेन. वही, चित्रं, लॅमिनेशन. कागदाची बॅटरी संपत नाही आणि काय हवं काय नको ते पहिल्या महिन्यातच कळतं.

अ‍ॅपकडे जायचं ठरलं की भारतात बनलेली दोन नावं आधी बघावीत. जेलो हे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन विभागात तयार झालं. ते फुकट आहे आणि मराठीत आहे. आवाज हे चेन्नईत बनलेलं, पैसे भरून घ्यायचं, जास्त खोल. शब्दसंग्रह मोठा आणि आपल्याला हवा तसा बदलता येतो. याशिवाय सीबोर्ड नावाचं मुक्त स्रोत अ‍ॅप ब्राउझरवरही चालतं. नुसती चित्रं हवी असतील तर स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा आरासाक हा चित्रसंच बिनव्यापारी वापरासाठी मोफत आहे. तक्ते छापायला तो पुरेसा आहे.

निवडताना चकचकीत चित्रांकडे बघू नका. चार गोष्टी तपासा: नेट नसताना चालतं का, शब्द वाढवले तरी जुन्या शब्दांच्या जागा तशाच राहतात का, आपला आवाज भरता येतो का, आणि भरलेलं सगळं दुसऱ्या टॅबवर नेता येतं का. सत्तरी-सांग्याच्या डोंगराळ गावांत पहिली गोष्ट बाकी तिन्हींपेक्षा महत्त्वाची.

त्या टॅबवर यूट्यूब ठेवू नका. बोलण्याचा टॅब आणि कार्टूनचा टॅब एकच असेल तर कार्टून जिंकतं. दुसरा टॅब परवडत नसेल तर शाळेच्या वेळेत स्क्रीन एकाच अ‍ॅपवर बांधून ठेवायची सोय अँड्रॉइडवर आणि आयपॅडवर, दोन्हीकडे असते.

वर्गात तीस मुलं, मी एकटी. याच्यासाठी वेगळा वेळ कुठून आणू?

बाई, वेगळा वेळ आणायचा नाही. आहे त्या वेळेत तुम्ही बोलताना अधूनमधून त्याच्या तक्त्यावर बोट ठेवायचं.

मुलं भाषा ऐकून शिकतात. याच्या भाषेत बोलणारं माणूस त्याने कधी पाहिलेलंच नसतं. त्याला तक्ता दिला जातो, पण आजूबाजूचे सगळे तोंडानेच बोलतात, आणि आठवड्याने आपण म्हणतो, वापरत नाही हो. म्हणून तुम्ही ‘चला, पुस्तक उघडा’ म्हणता तेव्हा ‘उघड’वर बोट. ‘आता झालं’ म्हणता तेव्हा ‘झालं’वर बोट. वाक्यातला एखादाच शब्द. त्याने लगेच उलट उत्तर द्यावं ही अपेक्षा ठेवायची नाही. महिनोन्‌महिने काही दिसणार नाही, तरीही करत राहायचं. फळ्याशेजारी मुख्य तक्त्याची मोठी प्रत लावली तर तुम्हाला त्याच्या बाकापर्यंत जावंही लागत नाही, आणि अक्षरं न जमणाऱ्या इतर दोन-तीन मुलांनाही तिचा उपयोग होतो.

मग थांबणं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. शिक्षकांना हे फार जड जातं, कारण वर्गात तीन सेकंद शांतता झाली की कुणीतरी उत्तर ओरडतं. पण या मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, शब्द आठवायचा, जागा शोधायची आणि हात तिथे न्यायचा असतो. मध्येच प्रश्न पुन्हा विचारला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आणि कृपा करून तक्त्याची परीक्षा करू नका. ‘दाखव, पाणी कुठे आहे? दाखव, लाल कुठे आहे?’ हे त्याला माहीत आहे हे तुम्हाला माहीत आहे. अशा प्रश्नांना कोणतंही शहाणं मूल कंटाळतं. त्याऐवजी ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही ते विचारा: काल कोण आलं होतं, गोष्टीतला कोण आवडला, आज बाहेर खेळायचं की आत.

सकाळच्या हजेरीला एक बटणाची डबी पुरते. त्यात मित्राच्या आवाजात ‘हजर बाई’ भरून ठेवा. संध्याकाळी घरी पाठवताना त्यात ‘आज आम्ही माड मोजले’ असं काहीतरी भरून द्या, म्हणजे घरी ‘आज शाळेत काय केलं?’ याचं उत्तर आई देत बसणार नाही, तो देईल.

इतर मुलं टॅब ओढतात, चिडवतात.

पहिले काही दिवस ओढणारच. सगळ्यांना त्यावर एकदा बोलू द्या, कागदी तक्त्याच्या प्रती वाटा, एक तास ‘आज तोंडाने बोलायचं नाही’ असा खेळ घ्या. कौतुक ओसरलं की नियम सांगा: हा त्याचा आवाज आहे, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हा नियम मोठ्यांनाही लागू. शिक्षा म्हणून टॅब काढून घेणं हे बोलक्या मुलाच्या तोंडावर पट्टी लावण्यासारखंच झालं, आणि तो सारखा ‘घरी, घरी, घरी’ दाबतो म्हणून आवाज बंद करणंही त्यातलंच. ‘कळलं, घरी जायचंय, घंटा झाली की जाऊ’ एवढं सांगावं.

माझ्या मुलाचे हात चालत नाहीत. मग?

हात लागतातच असं नाही. डोकं, गुडघा, पाय, गाल, जे एक अंग हुकमी हलतं त्याच्याजवळ स्विच बसवता येतो. स्क्रीनवर चौकटी एकामागून एक उजळत जातात. हवी ती आली की स्विच दाबायचा. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रंही आहेत, महाग आहेत.

पण विकत काही न आणता करण्यासारखी एक गोष्ट आहे, ती आधी करा. समोरच्या माणसाने पर्याय वाचायचे आणि मुलाने ठरलेल्या खुणेने, म्हणजे डोळे वर करून किंवा हसून, ‘हो’ म्हणायचं. मोठ्या मुलांना यातून लिहिताही येतं, आणि इथे आपली वर्णमाला फार सोयीची पडते, कारण ती मुळातच ओळींत मांडलेली आहे. ‘क-ची ओळ? च-ची? ट-ची?’ असं विचारत जायचं. ओळ मिळाली की त्यातली अक्षरं, मग मात्रा. इंग्रजी अक्षरांची सरळ रांग वाचत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. घरात सगळ्यांना ओळींचा क्रम पाठच असतो, त्यामुळे अंधारात, वीज गेलेली असताना, तक्ता समोर नसतानाही चालतं.

त्याआधी बसण्याची व्यवस्था बघा. पाय लोंबकळत असतील, कंबरेला आधार नसेल, तर मुलाची सगळी शक्ती न पडण्यात जाते. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारून खुर्ची ठीक करा, मग तक्त्याकडे वळा.

मुलाचा हात धरून टाइप करवून घेतात आणि मूल कविता लिहितं, असा व्हिडिओ पाहिला. आम्हीही करू का?

नको. दुसऱ्याने हात, मनगट किंवा कोपर धरून टाइप करवलं की शब्द धरणाऱ्याचे असतात. त्याला स्वतःला ते कळतही नाही, तो फसवत नसतो. मुलाला एक चित्र आणि धरणाऱ्याला दुसरं चित्र दाखवून चाचण्या झाल्या, तेव्हा धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचंच नाव टाइप झालं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं जाहीर केलं. अक्षरांची पाटी समोर हवेत धरून बोट ठेवायला लावण्याच्या पद्धतीबद्दलही तिने तोच इशारा दिला. हात दाखवून शिकवणं वेगळं. साधनावर शेवटचं बोट मुलाचंच, आधाराविना, आणि पाटी टेबलावर स्थिर.

मुख्याध्यापक म्हणतात, शाळेत टॅबला बंदी आहे. किंवा म्हणतात, स्पेशल शाळेत घाला.

मोबाइलबंदीचा नियम बोलण्याच्या साधनाला लावणं म्हणजे चष्म्याला लावण्यासारखं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी संवादपद्धती धरलेल्या आहेत. कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या. कलम १७ मध्ये या पर्यायी पद्धतींचा वापर वाढवणं आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत आवश्यक उपकरणं मोफत देणं सांगितलं आहे. कलम ३१ प्रमाणे अशा ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती मुलाची आणि पालकांची, शाळेची नव्हे.

विशेष शाळा वाईट असं कुणी म्हणत नाही. काही मुलांना तिथे जास्त माणसं, जास्त वेळ मिळतो. गोव्यात पर्वरीचं संजय स्कूल आणि फोंड्याच्या लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळा अनेक वर्षं हे काम करत आहेत. पण ‘बोलत नाही’ एवढंच कारण सांगून गावातल्या शाळेने दार बंद करू नये.

मुख्याध्यापकांची बाजूही असते: खास शिक्षक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. शिक्षण खात्याला पत्र लिहिताना मुख्याध्यापकांनी याचा आधार घ्यावा, आणि पालक-शिक्षक संघाने त्या पत्रावर सही करावी.

पैशाची सोय?

आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन करून तपासणी सरकारी रुग्णालयात होते. त्यानंतर तीन दारं. समग्र शिक्षा अभियानातून शाळेमार्फत मुलांची तपासणी होते आणि उपकरणं मिळतात, तेव्हा शिबिराला मूल हजर ठेवा. दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण आणि ३०,००० पर्यंत असेल तर अर्धी मदत होते. आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. तिच्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो.

शिबिरात बहुधा व्हीलचेअर, श्रवणयंत्रं, कॅलिपर यांचीच चर्चा असते. ‘बोलण्याचं साधन’ तोंडाने मागितलं नाही तर फॉर्मवर येत नाही. स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी सोबत न्या.

परीक्षेचं काय?

जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कायद्यातच आहे, आणि गोवा बोर्डही दहावी-बारावीला विशेष गरजा असलेल्या मुलांना सवलती देतं. कागदपत्रं नववीतच पूर्ण करा. खालच्या वर्गांत तर सगळं बाईंच्या हातात असतं. ‘पाऊस कसा पडतो ते लिहा’ याऐवजी चार चित्रं क्रमाने लावायला द्या; ज्ञान तपासलं जातं, बोटांची ताकद नव्हे. उत्तराला लागणारे शब्द तक्त्यावर आधीपासून असू देत, पण इतर शब्दांत मिसळलेले. फक्त बरोबर उत्तराचीच चार बटणं ठेवली तर ती परीक्षाच राहत नाही.

चित्रांवर खूश राहून वाचन-लेखन मात्र मागे टाकू नका. तक्त्यावर दुसऱ्याने निवडलेले शब्द असतात. अक्षरं आली की मूल कुणी न घातलेला शब्दही लिहू शकतं.

पावसाळ्यात तक्त्यांना बुरशी येते, टॅब बंद पडतो.

कडा सोडून लॅमिनेट करा, म्हणजे कागदाच्या बाहेर बोटभर प्लास्टिक राहील असं. कापलेल्या काठातून पाणी शिरतं. भोकं पाडायची ती या मोकळ्या कडेत. टॅब रोज रात्री घरी चार्ज, दप्तरात झिपच्या पिशवीत. तक्त्याच्या तीन प्रती: शाळेत, घरी, आणि रिक्षात किंवा बालरथात. टॅबवरच्या मुख्य पानाचीही छापील प्रत ठेवा. जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

साधन शाळेचं आहे. सुट्टीत घरी देता येईल का?

द्यायलाच हवं. फुटेल, हरवेल म्हणून शाळा ते कपाटात कुलूप लावून ठेवते, आणि मूल दुपारी तीन वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुकं. फुटलेला टॅब बदलता येतो. नोंदवहीत सही घ्या आणि द्या.

सुरुवात कुणाकडे करू?

म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या तपासणीसाठी विचारा, किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात. पर्वरीचं सेतू केंद्र मुलांच्या विकासावर काम करतं. कुठेही गेलात तरी थेरपिस्टला एक प्रश्न नक्की विचारा: ‘बोलणं येईपर्यंत तो आज कसा सांगेल?’ उत्तरात फक्त जिभेचे व्यायाम आले, तर दुसऱ्या कुणाचं मत घ्या.

शाळा ऐकतच नाही. तक्रार कुठे?

क्रमाने जा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, पोच घेऊन. मग भागशिक्षणाधिकारी. तरी काही हललं नाही तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे. कायद्याने त्यांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. अर्जात भावना कमी, तारखा जास्त. मूल स्वतःच्या तक्त्यावर काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि सुनावणीला जाताना तक्ता बरोबर न्या.